घाटात रेंज जाते तेव्हा

वाईला नोकरी, महाबळेश्वरला घर. म्हणजे रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराची एसटी, पसरणीचा घाट, पाचगणी, आणि पुढे घर येईपर्यंत डुलक्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या भाचीनं सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर 'अमंग अस' खेळायला शिकवलं आणि माझ्या डुलक्या संपल्या. लॉकडाऊन उठला, खेळ काही उठला नाही. दर शुक्रवारी पुण्याची भाची, सांगलीचा मेहुणा, मिरजेची वहिनी, नवी मुंबईतला मावसभाऊ आणि त्यांची पोरंटोरं असे आम्ही दहाजण एका अंतराळयानात जमतो. नऊजण आपापल्या सोफ्यावर, दहावा एसटीच्या खिडकीशी.

खेळ ठाऊक नसेल तर थोडक्यात : यानात सगळे कामकरी, त्यांत एक-दोन तोतये मिसळलेले. तोतया गुपचूप एकेकाला मारत सुटतो. प्रेत सापडलं की बैठक भरते, तिथे बोलणं फोनवर. मग वादावादी, मतदान, आणि ज्याला जास्त मतं त्याला यानाबाहेर फेकतात. माझं वय एक्कावन्न. या वयात हे कशाला, असं बायको विचारते. तिला द्यायला उत्तर नाही, पण मधल्या काळात काही गोष्टी उमगल्या.

१. मला माणूस कळत नाही. हे कळायला पन्नाशी उलटावी लागली. लहानपणी आम्ही राजा-राणी-चोर-शिपाई खेळायचो. वहीच्या पानाच्या चार चिठ्ठ्या, उधळायच्या, उचलायच्या, आणि शिपायानं चोर ओळखायचा. मी शिपाई झालो की चोर सापडलाच म्हणून समजा. 'याची नजर तीक्ष्ण आहे' असं आजी आल्यागेल्याला सांगायची. आजीला हे ठाऊक नव्हतं की चोराच्या चिठ्ठीचा एक कोपरा मी नखानं दुमडून ठेवलेला असे. तेवढ्या कोपऱ्यावर मिळवलेली कीर्ती मला चाळीस वर्षं पुरली. मोबाइलवरच्या चिठ्ठीला कोपरा नसतो. पहिल्या महिन्यात मी एकही तोतया ओळखला नाही. उलट तीन वेळा तोतयाच्या गळ्यात गळा घालून निष्पाप माणसाला बाहेर फेकलं.

हे खेळ काही आजचे नाहीत. १९८६ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठातल्या दिमित्री दाविदोव्ह नावाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं 'माफिया' हा खेळ बसवला. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकनानं त्यातल्या माफियाचा नरलांडगा केला. 'अमंग अस' आला २०१८ साली. दोन वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही, मग सगळं जग घरात कोंडलं गेलं आणि त्याला सुगी आली. या सगळ्यांची गंमत एकच. थोड्यांना सगळं ठाऊक असतं, पुष्कळांना काहीच ठाऊक नसतं, आणि पुष्कळच जोरजोरात बोलत असतात. मी त्या पुष्कळांतला.

२. गप्प माणूस दोषी ठरतो, तो का गप्प आहे हे कुणी विचारत नाही. वाई सोडली, पसरणी गाव मागे पडलं (शाहीर साबळ्यांचं हे गाव, तिथल्या माणसाचा आवाज अख्ख्या महाराष्ट्राला पोहोचला), की घाट सुरू होतो आणि वळणावळणाला रेंज जाते. बैठकीत इकडे मेहुणा विचारतोय, "दाजी, तुम्ही कुठं होता?" आणि तिकडे मी घाटात. माझं लाल बाहुलं प्रेताशेजारी खांबासारखं उभं. दोन वळणांनी रेंज येते तोवर निकाल लागलेला असतो. फोनमधून भाचीचा आवाज, "मामा काहीच बोलला नाही ना, म्हणून." मी चिडून सांगितलं की मी घाटात होतो. त्यावर मेहुणा म्हणाला, "पण खरा निर्दोष माणूस घाटातसुद्धा काहीतरी बोलला असता."

मी हसलो, पण रात्री झोप आली नाही. ऑफिसात एक पोरगा आहे, मीटिंगमध्ये चकार शब्द काढत नाही. त्याच्याबद्दल मी साहेबांपाशी दोन वर्षं काय काय बोललो होतो ते एकेक आठवायला लागलं.

३. यानातलं सगळ्यांत अवघड काम खून नव्हे, कार्ड ओढणं. एका खोलीत यंत्रातून ओळखपत्र सरकवायचं असतं. जोरात ओढलं तर नापास, हळू ओढलं तर नापास. आमची गाडी वळणावर आली की बोट आपोआप भस्सकन जातं, आणि चढावर पहिला गियर पडला की रांगतं. दांडेघर येईपर्यंत मी तेवढं एकच काम करत असतो. कंडक्टर मात्र तशाच हलत्या गाडीत, एका कोपराचा टेकू देऊन, सपासप तिकिटं काढत येतो.

४. खोटं बोलता येत नाही हा माझा समज होता, तो साफ चुकीचा निघाला. झालं असं की एका शुक्रवारी गाडी खचाखच होती. शेजारी सत्तरीच्या एक मावशी, पायाशी रिकामी पाटी. मेटगुताडकडच्या, वाईच्या बाजारात माल विकून परत निघालेल्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्यांच्या वाईच्या फेऱ्या वाढल्या, त्यामुळे तोंडओळख होती. माझ्या कानात इअरफोन होता, पण कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात वायर अडकून तो फोनमधून केव्हा उपटला गेला ते कळलं नाही. अख्ख्या गाडीला भाची ऐकू आली : "बॉडी कुठं सापडली?"

आणि सगळं यान आपल्याच कानात आहे अशा समजुतीनं मी दणकून उत्तर दिलं, "इलेक्ट्रिकलमध्ये! मी पोहोचलो तेव्हा गेलेलाच होता. आईशपथ, मी नव्हतो!"

गाडी शांत झाली. एसटीत इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोन गेलं वं दादा?"

आता खरं सांगायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. पण पन्नाशीचा, ऑफिसची बॅग मांडीवर घेतलेला माणूस अंतराळातल्या बाहुल्यांबद्दल काय सांगणार! मी म्हणालो, "लांबचे होते. इलेक्ट्रिकचं काम करायचे." तोंडातून हे इतकं सराईतपणे निघालं की माझा मलाच दचका बसला. खेळात तोतया झालो की मी ततपप करतो, घसा कोरडा पडतो, दोन मिनिटांत पकडला जातो. इथे नुसती लाज झाकायची होती तर जीभ तुपासारखी चालली. "शॉक लागला आसंल," मावशी म्हणाल्या. मी मान हलवली.

५. मेहुणा आमच्यात सगळ्यांत भारी तोतया. त्याची सांगलीत हळदीची अडत आहे, दिवसभर माणसांशी भाव करायचा धंदा. त्याला गुपित विचारलं, तर म्हणाला, "मी खोटं बोलतच नाही. नव्वद टक्के खरं सांगतो, फक्त एक खोली वगळतो." मी एका खोलीसाठी अख्खं यान नव्यानं रचतो आणि मग त्यात हरवतो. या मुद्द्यावर आणखी लिहिण्यासारखं आहे, पण मेहुणा हे वाचणार आहे.

६. आपण पुराव्यावरून संशय घेत नाही. आधी संशय घेतो आणि मग पुरावा वेचत बसतो. भाचीनं एकदा हिशेब मांडला : मी दिलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मिरजेच्या वहिनीला. वहिनी बिचारी त्यातल्या दोनच वेळा तोतया होती. मी खूप विचार केला. मग आठवलं की भाचीच्या मुंजीत की बारशात, कधीतरी, वहिनीनं माझ्या बायकोच्या आमटीबद्दल काहीतरी म्हटलं होतं. नेमकं काय ते आता आठवत नाही. (भाचीची मुंज कशी असेल? म्हणजे बारसंच असणार.) भाची आता नोकरी करते. एवढ्या जुन्या आमटीचा सूड मी अंतराळात उगवत होतो.

याची उलटी बाजूही खरी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला. कोकणात त्याच्याभोवती माणसं गोळा झाली, बंड उभं राहिलं, आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. शाळेत हा प्रसंग ऐकला तेव्हा मला ती माणसं भोळसट वाटली होती. आता वाटत नाहीत. भाऊ परत यावेत असं ज्यांना मनातून वाटत होतं, त्यांना तो भाऊंसारखाच दिसला असणार.

७. नजरेची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगून टाकतो. ऑफिसच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो. परतताना पाचगणीच्या स्टँडवरून सासूबाईंना बरोबर घ्यायचं होतं. साताऱ्याहून महाबळेश्वरला दोन वाटा : एक वाई-पाचगणीवरून, दुसरी मेढ्यावरून केळघरचा घाट चढून. गाडीवर पाटी होती, पाटीवर 'मार्गे मेढा' हे शब्द होते, आणि मी त्या पाटीखालूनच आत चढलो, कारण त्याच क्षणी मी फोनवर पुतण्याला ओरडत होतो, "अरे, समोरचं दिसत नाही का तुला?" मेढा आलं तेव्हा मला दिसलं. सासूबाई पाचगणीला पिशवी घेऊन दीड तास उभ्या. त्यांनी त्या संध्याकाळी, किंवा त्यानंतरही, एक शब्द काढलेला नाही. मुद्दा दोन पुन्हा वाचावा असं मला स्वतःला सुचवतो.

८. बहुरूपी अजून आहेत. वाईच्या स्टँडवर गाडी सुटायला दोन मिनिटं होती आणि एक फौजदार आत चढला. खाकी कपडे, पट्टा, काखेत वही. सरळ माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "चला, तुमच्यावर खुनाचा गुन्हा दाखल आहे." दुर्दैवानं नेमकं त्याआधी मी फोनमध्ये म्हणत होतो, "हो, मीच मारला, आता करा काय करायचं ते." माझ्या हातापायांतलं बळ गेलं. मी उभा राहून "साहेब, तो गेम होता" असं म्हणालो. ते म्हणताना हातही जोडले, असं पुढच्या सीटवरची कॉलेजची मुलगी सांगते. सगळी गाडी हसत होती. मग तीच म्हणाली, "काका, पायात बघा की." फौजदाराच्या पायात स्लिपर होती, तीही अंगठा शिवलेली.

चाळीस माणसांनी पाय पाहिले होते, मी पट्टा पाहिला. बहुरूप्याला पन्नास रुपये दिले. इतका वेळ तोतयेगिरी शिकत असलेल्या माणसाची ती गुरुदक्षिणाच होती. त्यानं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, मला 'जामीन मंजूर' केला आणि पुढच्या सीटवरच्या माणसावर बायकोला न विचारता भजी खाल्ल्याचा गुन्हा ठेवला.

९. आमच्या गाडीचा कंडक्टर या खेळात उतरला तर आमच्यातला एकही तोतया पाचगणीच्या पुढे जाणार नाही. तिकीट न काढलेला माणूस त्याला पाठमोरा ओळखू येतो. एकदा विचारलं, कसं काय? म्हणाला, "जो खिडकीबाहेर लई आवडीनं बघतो ना, तो." २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला. तेव्हापासून वयही ताडावं लागतं, पण तिथे तो डोकं चालवत नाही, आधारकार्ड मागतो. आमच्या यानातही तशी एक खोली आहे. तिथल्या यंत्रावर उभं राहून तपासणी झाली आणि ती कुणी पाहिली, की माणूस निर्दोष. मी तिथं जाईपर्यंत बहुतेक मेलेला असतो. मेल्यावर मात्र माझा खेळ सुधारतो. भुताला मत नाही, त्याचं बोलणं जिवंतांना ऐकू येत नाही, फक्त उरलेली कामं करता येतात. मी ती निमूट करतो. घाटात रेंज गेली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

१०. एकदा बोललेलं खोटं पोसावं लागतं, आणि ते खातं फार. मावशी पुढच्या आठवड्यात भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "दहावा झाला का?" मी हो म्हणालो. पुढच्या वेळी तेरावं. मग "पोरंबाळं किती?" दोन मुलगे, मी म्हणालो. हळूहळू त्या इलेक्ट्रिशियनला गाव मिळालं, एक आजारी बहीण मिळाली, मुलांत जमिनीवरून कुरबुर सुरू झाली. ती कुरबुर मी मिटवत का नाही म्हणून मावशी मला रागावल्यासुद्धा. जानेवारीत त्यांनी स्ट्रॉबेरीची एक पेटी हातात ठेवली : "त्या पोरांस्नी दे. बाप गेल्यालं हाय." ती पेटी घरी नेली. बायकोला कुठून आणली ते सांगता आलं नाही, आणि मला घशाखाली उतरेना. मुलीनं सगळी संपवली.

त्यानंतर दोन शुक्रवार मी मुद्दाम उशिराची गाडी पकडली. तिसऱ्या शुक्रवारी आभाळ भरलं होतं, म्हणून नेहमीची धरली. मावशी चढल्या, पाटी सीटखाली सरकवली, पदरानं तोंड पुसलं. माझा फोन मी बॅगेत घालणार इतक्यात आतून भाचीचा आवाज आला, "मामा, कुठं आहेस, मीटिंग आहे!" मावशींनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कोथिंबिरीचा भाव विचारावा तितक्या सहज विचारलं,

"आज कोन मेलं?"