ताणलेल्या पट्टीतली वीज

मुदखेड



पदार्थावर दाब किंवा ताण आला की त्याच्या दोन अंगांवर उलट प्रभार उमटतात, ही दाबविद्युत. क्युरी बंधूंनी ती 1880 मध्ये स्फटिकांत दाखवली. पॉलिमरमध्ये ती बहुधा घडवावी लागते. शिकणाऱ्याने व्याख्या घोकण्याआधी ही घडण पाहावी.

झाडाने मात्र ती आपली आपण साधली आहे. जपानच्या फुकादा यांनी 1955 मध्ये लाकडात दाबविद्युत मोजली. मुदखेड–आदिलाबाद मार्गावरच्या किनवटचा साग घेतला तरी त्यातही सेल्युलोजचे तंतू एका दिशेने लागलेले असतात. परिणाम अगदी क्षीण.

कामाचा पॉलिमर म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, अर्थात पीव्हीडीएफ. त्याचा हा गुण कावाई यांनी 1969 मध्ये दाखवला. साखळीत एका कार्बनला दोन हायड्रोजन, पुढच्याला दोन फ्लोरिन. फ्लोरिन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून एक अंग ऋण, दुसरे धन: हा द्विध्रुव. पण वितळवून थंड केलेल्या पीव्हीडीएफमध्ये साखळ्या मुरडलेल्या आणि शेजारणी एकमेकींकडे पाठ फिरवलेल्या, बेरीज शून्य. पट्टी सुमारे 80 अंश सेल्सिअसला चार-पाच पट ताणली की साखळ्या सरळ होतात आणि प्रत्येकीतले फ्लोरिन एका बाजूला येतात. मग मायक्रोमीटरमागे 50 ते 100 व्होल्टचे क्षेत्र लावून सगळ्या साखळ्यांची तोंडे एकीकडे वळवायची. नुसते ताणून भागत नाही; नवशिके नेमके इथेच चुकतात.

आता पट्टी दाबली की ती पातळ होते, तेवढेच द्विध्रुव कमी जाडीत येतात आणि पृष्ठावरचा प्रभार बदलतो. एका न्यूटनमागे 20 ते 30 पिकोकुलोम. क्वार्ट्झला जेमतेम दोन-अडीच. दाबविद्युत सिरॅमिक पीव्हीडीएफच्या कितीतरी पुढे, पण ते वाकत नाही. पीव्हीडीएफची पट्टी बराच वेळ 80 अंशांच्या वर राहिली तर लावलेली रांग मोडू लागते, म्हणून मराठवाड्याच्या मे महिन्यात ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

पट्टी ऑसिलोस्कोपला जोडून टिचकी मारून पाहावी. रेघ उसळते, बोट तसेच दाबून ठेवले तर खाली येते, कारण साचलेला प्रभार झिरपून जातो. रुळाखाली अशी पट्टी ठेवली तर धावती गाडी तिला चाकागणिक कळेल, जंक्शनवर उभी राहिलेली कळणार नाही.

— काका