पापलेटचे खरे भाऊबंद

हिंगोली जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. येथील मत्स्यव्यवसाय पूर्णेवरील सिद्धेश्वर जलाशय, पैनगंगेवरील इसापूर जलाशय आणि गावतळी यांवर चालतो. तथापि पापलेट हा २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित झाल्यापासून औंढा वा कळमनुरीच्या शाळेतही त्याचा उल्लेख होणे स्वाभाविक आहे. या माशाचे नातलग कोण, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास उत्तर मात्र दिसते तितके सोपे नाही.

बाजारात हलव्याला काळा पापलेट म्हणतात. दोघेही चपटे आणि रुंद अंगाचे. पाहणाऱ्यास सख्खे भाऊ वाटावेत. लांबट, निमुळते बांगडा व सुरमई त्यांच्यापुढे परके दिसतात. जनुकीय पुरावा नेमके याच्या उलट सांगतो.

प्रत्येक पेशीतील डीएनएच्या धाग्यावर चार रासायनिक घटक अक्षरांप्रमाणे ठरावीक क्रमाने येतात. हा क्रम यंत्राने वाचणे म्हणजे जनुकीय क्रमवाचन होय. जुन्या पोथीची नक्कल करताना एका लेखनिकाची चूक त्यावरून झालेल्या सर्व नकलांत उतरते आणि त्या समान चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावता येते. डीएनएची गोष्ट तशीच आहे. अंगाचा आकार राहणीनुसार बदलतो, त्यामुळे दूरचे जीवही सारखे दिसू लागतात. हजारो अक्षरांतील समान बदल मात्र योगायोगाने जुळणे दुर्मीळ.

जपानचे मासाकी मिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच पद्धतीने दाखविले की, ट्यूना, बांगडा व सुरमई यांचे कूळ आणि पापलेटसह अन्य १४ कुळे एकाच पूर्वजापासून निघाली. डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या काळात त्यांचा झपाट्याने विस्तार झाला. हलवा मात्र निराळ्याच शाखेतला ठरतो. भारतीय किनाऱ्यावरील रुपेरी पापलेटला दीर्घकाळ लावलेले ‘पॅम्पस अर्जेन्टियस’ हे शास्त्रीय नावही अशाच तपासणीनंतर मागे पडून ‘पॅम्पस कॅन्डिडस’ पुढे आले. नावाचा हा घोळ किरकोळ नव्हे. दोन जाती एक समजल्या, तर साठ्याचा अंदाज आणि पकडीचे निर्बंध दोन्ही चुकतात.

हिंगोलीस याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. जलाशयात सोडल्या जाणाऱ्या कटला व रोहू यांचा संकर सहज होतो आणि बोटुकलीच्या अवस्थेत तो डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. असे संकरित मासे पुढे प्रजननासाठी वापरले गेल्यास शुद्ध वाण हळूहळू हरवतो. डीएनए तपासणीत ही भेसळ उघड होते. म्हणून मत्स्यबीज खरेदी करताना सहकारी संस्थेने वा ग्रामपंचायतीने दरासोबतच प्रजनक मासे कोठून आणले व ते तपासले आहेत काय, हेही बीजकेंद्रास विचारावे.