नखांवरच्या खाचा

मंडळी, आपल्या हातांकडे एकदा बघा. कापूस वेचून वेचून बोटांची काय दशा होते, ते सावनेरच्या माणसाला सांगायला नको. हात पाहिला की माणसाचं काम कळतं. आज ज्यांची हकीकत सांगतो, त्यांना रेडिओतली नोकरी अशीच हात पाहून मिळाली.

त्यांचं नाव पंडित रामनारायण. ते सारंगी वाजवत. जन्म 25 डिसेंबर 1927 चा, राजस्थानात उदयपूरजवळचा. वडील शेती करत, गात आणि दिलरुबाही वाजवत. आपल्याकडे भाट येतो, वही उघडतो आणि पणजा-खापरपणजाची नावं वाचून दाखवतो ना, तसा तिकडे गंगागुरू असतो. त्यांच्या घरच्या गंगागुरूनं एक लहानशी सारंगी घरात ठेवली होती. सहा वर्षांच्या रामनारायणांच्या हाती ती लागली.

वडील काळजीत पडले. सारंगी म्हणजे नाचगाण्याच्या बैठकीत मागे बसून वाजवायचं वाद्य, असा लोकांचा समज. वाजवणाऱ्याला मान नाही. तरी पोराचा नाद पाहून त्यांनीच बोटं कशी ठेवायची ते शिकवलं. पुढे तर सारंगीसाठी शाळाही सोडायला लावली. मी जन्मभर मास्तरकी केली. शाळा सोडवणाऱ्या बापाची बाजू मला घेववत नाही. पण झालं ते असं.

आता सारंगी कशी असते? लाकडाचा एकच ठोकळा आतून कोरून काढतात. खालच्या पोटावर बकऱ्याचं कातडं मढवतात. वर आतड्याच्या तीन जाड तारा, त्यांना तात म्हणतात. त्यांच्या खाली धातूच्या पस्तीसेक बारीक तारा असतात. त्यांना गज लागत नाही. वरची तात वाजली की त्या आपोआप घुमतात. उजव्या हातात गज. डाव्या हाताची बोटं तातेवर वरून दाबायची नाहीत, नखांच्या मुळाची बाजू तातेला लावून सरकवायची. वर्षानुवर्षं असं घासून नखांवर खाचा पडतात.

1944 साली रामनारायण लाहोरच्या रेडिओ केंद्रात गेले, ते गायक म्हणून काम मागायला. तिथले संगीताचे अधिकारी जीवनलाल मट्टू यांची नजर नखांवर गेली. त्यांनी ओळखलं, आणि नोकरी दिली ती सारंगीवाल्याची!

1947 साली फाळणी झाली. लाहोर सुटलं, ते दिल्लीच्या केंद्रात आले. हिराबाई बडोदेकर, ओंकारनाथ ठाकूर अशा मोठ्या गायकांना त्यांनी साथ केली. पण साथीदारानं गायकाच्या मागे मागे जायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. 1949 साली ते मुंबईला गेले. पोट भरलं सिनेमावर. ‘मुगल-ए-आझम’, ‘काश्मीर की कली’ या चित्रपटांत त्यांची सारंगी आहे.

1954 साली मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते एकटे वाजवायला बसले. लोक आले होते पुढच्या नामवंतांना ऐकायला. नुसती सारंगी कोण ऐकतो? गडबड झाली, वाजवणं मध्येच थांबवावं लागलं. एकट्यानं वाजवणं कायमचं सोडावं, इथवर मन खचलं. मग पुन्हा मेहनत. 1956 साली ते परत बसले. या वेळी लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यानंतर साथीचं काम त्यांनी हळूहळू बंद केलं. 1964 साली थोरले भाऊ, तबलावादक चतुरलाल, यांना घेऊन परदेशी दौरा केला.

भाटासारखी घराणी परदेशातही आहेत, बरं का. आफ्रिकेच्या पश्चिमेला माली नावाचा देश आहे. तिथे वंशावळ गाणाऱ्यांचं वाद्य कोरा. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं, 21 तारा. गाणाऱ्याच्या सोबतीला वाजणारा हा कोरा तुमानी जाबाते यांनी एकट्यानं वाजवून जगाला ऐकवला. नुसत्या कोऱ्याची त्यांची ‘कायरा’ ही ध्वनिमुद्रिका 1988 सालची. ते 19 जुलै 2024 रोजी वारले.

त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला रामनारायण मुंबईत गेले. वय 96. सरकारनं 2005 साली त्यांना पद्मविभूषण दिलं होतं. सारंगी मुलींना शिकवायची रीत नव्हती. त्यांनी आपल्या मुलीला, अरुणाला, शिकवली. नातू हर्षही सारंगीच वाजवतो.