प्रोग्राम पडण्याआधीची तयारी

पोरी, प्रोग्राम पडला की सगळे कोडकडे धावतात. पण पडल्यावर हाती काय लागणार, हे बिल्ड करतानाच ठरलेलं असतं. क्रॅशनंतर सोय करायला निघणं म्हणजे वरातीमागून घोडं. सी, सी++ मध्ये काम करणार आहेस, म्हणून एवढं ध्यानात ठेव.

जीसीसीला ‘-जी’ हा पर्याय रिलीज बिल्डलाही द्यायचा. त्यानं प्रोग्राम मंदावत नाही, फाइल तेवढी फुगते. गिऱ्हाइकाला फुगलेली फाइल नको असेल तर स्ट्रिप कर, पण सिम्बॉल आधी वेगळ्या फाइलीत काढून जपून ठेव. ती त्याच बिल्डची हवी. बिल्ड-आयडी जुळत नसेल तर स्टॅक ट्रेसवर विश्वास ठेवू नकोस.

पडताना प्रोग्रामची मेमरी ज्या कोअर फाइलीत उतरते, तिची मर्यादा पुष्कळ मशीनवर शून्य असते. ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’ प्रोग्राम सुरू करण्याआधी द्यायचं, नंतर नव्हे. फाइल कुठेच सापडली नाही, तर ‘कोअरडंपसीटीएल’ला विचारून बघ. सिस्टमडीनं ती आपल्याकडे ठेवलेली असू शकते.

कोअर जीडीबीत उघडल्यावर नुसतं ‘बीटी’ करून थांबू नकोस. ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल’ दे, म्हणजे सगळे थ्रेड दिसतील, लोकल व्हेरिएबलांसकट. पडतो एक थ्रेड, पण घोळ घालणारा कधी कधी दुसराच असतो.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर बहुधा सिम्बॉल कमी आहेत. त्या लायब्ररीचं, नेमक्या त्याच आवृत्तीचं, डीबगइन्फो पॅकेज घाल आणि तोच कोअर पुन्हा उघड. प्रोग्राम परत पाडायची गरज नाही.

ट्रेसच्या वरच्या ओळीत ‘मॅलॉक’ किंवा ‘फ्री’ दिसलं, तर ग्लिबसीला बोल लावू नकोस. मेमरी बहुतेक आधीच कुठेतरी खराब झालेली असते. ॲड्रेससॅनिटायझर लावून पुन्हा बिल्ड कर आणि चालव. सोडलेली मेमरी कोणी वापरली असेल, तर ती कुठे घेतली, कुठे सोडली आणि कुठे वापरली, असे तिन्ही ट्रेस तो देतो.

कोअर फाइल कोणाला देताना जपून. तीत पासवर्ड, गिऱ्हाइकाची माहिती, सगळं जसंच्या तसं असू शकतं. ‘फुल’ ट्रेससुद्धा वाचूनच पुढे पाठव.

आणि हे सगळं चालतं का, ते आजच बघ. खोल कुठेतरी एक ‘अबॉर्ट’ घालून प्रोग्राम मुद्दाम पाड. फंक्शनचं नाव आणि ओळीचा नंबर दिसला, तर तो अबॉर्ट काढ आणि माल पाठव. नाही दिसला, तर बिल्ड अजून तयार नाही असं समज.