बालाघाटात पाऊस आडवा आला तर

बीडकडे पाऊस कमी, असं गृहीत धरून बरेच भटके पाठीवर सॅक टाकून बालाघाटात शिरतात. जून-जुलैत ते बहुधा निभावतं. सप्टेंबरात मात्र त्या भरवशावर जाऊ नये. 2025 च्या सप्टेंबरात इथल्या नद्यांनी गावंच्या गावं वेढली होती. सह्याद्रीत भीती कड्याची आणि धुक्याची, इथे भीती फरशी पुलाची. उघड्या डोंगरावर पडलेलं पाणी लगेच ओढ्यात उतरतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो.

म्हणून मी पर्यायी बेत आखताना एक गोष्ट आधी बघतो: त्यातलं ठिकाण ओढ्याच्या अलीकडे, आपल्याच काठावर आहे का? नकाशावर चार किलोमीटरवर दिसणारं गाव पाण्यापलीकडे असेल, तर ते यादीतून काढून टाका.

कपिलधारला पाणी गढूळ झालं, आवाज वाढला, की धबधब्याखाली जाऊ नका. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्या आणि मांजरसुंब्याला हायवे गाठा. बीडच्या वाटेवर निजामशाही काळातली खजिना विहीर आहे. तिचं पाणी भुयारी मार्गाने शेतांकडे जातं. पावसात ती वरूनच पाहा, पायऱ्या निसरड्या होतात. बीड गावात कंकालेश्वराचं देऊळ आहेच.

सौताड्याला रामेश्वरासाठी पायऱ्यांनी दरीत उतरावं लागतं, आणि विंचरणा त्याच दरीत कोसळते. वरच्या अंगाला आभाळ दाटलं असेल तर काठावरूनच धबधबा बघून जामखेडला मुक्काम करा.

धारूरच्या किल्ल्यावर विजा सुरू झाल्या तर तटावर क्षणभरही रेंगाळू नका. दोन दिवस मोडले तरी वाईट वाटणार नाही असं गाव म्हणजे अंबाजोगाई. योगेश्वरीचं देऊळ, दासोपंतांची समाधी, त्यांनी कापडावर लिहिलेल्या प्रचंड पासोडीची कहाणी; हे सगळं भर पावसातही जमतं. हत्तीखाना लेणी जयंती नदीलगत आहेत आणि मुकुंदराजांची समाधी डोंगरकपारीत, तेव्हा ही दोन्ही ठिकाणं पाऊस उघडल्यावरच.

मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप असू द्या, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 नंबर कागदावरही लिहून ठेवा. शेवटच्या एसटीची वेळ आदल्या दिवशीच विचारा. आणि शेतातून आडवाट धरू नका: भिजलेली काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते, अर्ध्या तासाची वाट दोन तास खाते आणि तेवढ्यात एसटी निघून जाते.