प्रवाळटाकीत शांत रॅस कोणता?

प्रश्न : घरच्या प्रवाळटाकीत सिक्स-लाइन रॅस हा मासा सोडावा का? – एक वाचक, बोईसर

उत्तर : आकारावर जाऊ नका. सिक्स-लाइन जेमतेम बोटाएवढा, पण कपारीत भक्ष्य शोधणारा. त्यामुळे तो जागेवर हक्क सांगतो आणि नंतर सोडलेल्या भित्र्या माशांना छळतो. त्याउलट फेअरी रॅस मोकळ्या पाण्यात वाहणारे सूक्ष्म जीव टिपतो, म्हणून कोळंबी-गोगलगायींशी त्याचं सहसा वैर नसतं. सिक्स-लाइन चपटे कृमी खातो हे खरं. पण तेवढ्यासाठी घरात कायमचा गुंड कशाला? फेअरीचा एकच नर ठेवा. घाबरला की तो उसळी मारतो, तेव्हा टाकीवर बारीक जाळी हवीच. पाणी मात्र तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावरून आणू नका: ते गढूळ, त्यात औद्योगिक वसाहत शेजारी. आरओच्या पाण्यात तयार समुद्री मीठ मिसळणंच बरं.