मोहाला आल्याची जोड

प्रश्न : मोहाच्या मद्यात जिंजर बिअर मिसळावी की जिंजर एल? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : चंद्रपुरातली दारूबंदी २०२१ मध्ये उठली म्हणून हा प्रश्न तिथून येऊ शकतो. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे. तिथल्यांनी आले-लिंबाच्या सरबतावरच भागवावे.

जिंजर एल गोड आणि सौम्य. मोहफुलांच्या दरवळापुढे ती पार दबून जाते. जिंजर बिअर गढूळ, घशाला झोंबणारी. जोडी तिचीच जमते. नावात ‘बिअर’ असली तरी बाजारातल्या बहुतेक बाटल्यांत मद्य नसते.

माप ‘मॉस्को म्यूल’ या व्होडका-जिंजर बिअरच्या कॉकटेलचेच घ्यावे : ४५ मिली व्होडकाऐवजी मोहाचे परवानाधारक मद्य, १२० मिली जिंजर बिअर, १० मिली लिंबूरस, भरपूर बर्फ. मोह मुळातच गोडसर, तेव्हा कमी साखरेची बाटली निवडावी.